डिकन्सच्या 'सी'पासून हवामान-मॉडेलपर्यंत : पूल, पूर आणि एका नव्या संशोधन-पदाचा इतिहास

बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला असताना किंवा एम.टेक. संपवताना तुम्ही विद्यापीठांच्या जाहिराती चाळत असाल, तर एका नव्या प्रकारचे पद तुमच्या नजरेस पडले असेल. नाव जरा लांबलचक असते : वाहतूक पायाभूत सुविधांवरील हवामानजन्य धोक्यांचे मॉडेलिंग करणारा संशोधक. ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका इथल्या विद्यापीठांत अशी पदे नियमित निघतात. पात्रतेत जलविज्ञान, सांख्यिकी, जीआयएस, पायथन असे सगळे असते आणि यादीच्या शेवटी कुठेतरी पूल, रस्ते किंवा रेल्वे यांची जाण. ही यादी खालून वर वाचावी असे माझे मत आहे. का, ते कळण्यासाठी हे पद कुठून आले हे पाहावे लागेल, आणि त्यासाठी आपल्याला १८६५ पर्यंत मागे जावे लागेल. विशेष म्हणजे या इतिहासाचा बराचसा भाग लंडनमध्ये घडलेला नाही. तो रुडकी, पुणे, मद्रास आणि दख्खनमधल्या रेल्वे पुलांवर घडला आहे.

'सी' किती घ्यायचा?

परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : अमुक इतके चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्र आहे, डिकन्सच्या सूत्राने महत्तम पूर काढा. विद्यार्थी विचारतात, "सर, सी किती घ्यायचा?" प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दीडशे वर्षे अभियंते हाच प्रश्न विचारत आले आहेत.

भारतात पहिली प्रवासी रेल्वे धावली ती १८५३ मध्ये. पुढच्या काही दशकांत हजारो मैलांचे रूळ टाकले गेले आणि वाटेतल्या प्रत्येक नाल्यावर मोरी, प्रत्येक नदीवर पूल बांधणे भाग पडले. पुलाला किती गाळे ठेवायचे, किती उंच बांधायचा, पाया किती खोल न्यायचा, हे ठरवण्यासाठी अभियंत्याला आधी एक आकडा हवा असतो : इथून जास्तीत जास्त किती पाणी जाईल? बहुतेक नद्यांवर विसर्ग मोजणारे कोणी नव्हते. पर्जन्यमापक होते तेही मोजक्या ठिकाणी. मग अभियंता गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारी, देवळाच्या पायरीवरची किंवा एखाद्या झाडावरची पूरखूण पाही आणि त्यावर अंदाज बांधी. ही पद्धत आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या छोट्या पुलांच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि ती काढून टाकावी असे मला अजिबात वाटत नाही.

बंगाल तोफखान्यातले अधिकारी कर्नल सी. एच. डिकन्स यांनी १८६५ मध्ये या प्रश्नाला सूत्राचे रूप दिले. सोन नदीवरच्या कालव्यांच्या योजनेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे लेखन रुडकीहून निघणाऱ्या अभियांत्रिकी लेखमालेत आले. रुडकीचे ते थॉमसन कॉलेज म्हणजे आजची आयआयटी रुडकी. सूत्र असे की, विसर्ग म्हणजे 'सी' हा गुणांक गुणिले पाणलोट क्षेत्राचा पाऊण घात. मूळ सूत्रात क्षेत्र चौरस मैलांत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि गुणांक ८२५. हे ८२५ मेट्रिक एककांत बदलून पाहा, सुमारे ११.४ येतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात सरासरी म्हणून याच्या आसपासचा जो आकडा छापलेला असतो, तो मुळात काही उत्तर भारतीय नद्यांचा अनुभव आहे.

घात पूर्ण एक न ठेवता पाऊण का? क्षेत्र दुप्पट झाले म्हणून पूर दुप्पट होत नाही. जोराची सर साऱ्या मोठ्या खोऱ्यावर एकाच वेळी कोसळत नाही, आणि लांबून येणारे पाणी वाटेत पसरते, रेंगाळते. डिकन्स यांनी हे ओळखले होते. सूत्र साधे आहे, पण अडाणी नाही.

मद्रास इलाख्यात रायव्ह्ज यांनी १८८४ मध्ये घात दोन तृतीयांश केला. त्यांचा गुणांक समुद्रापासूनच्या अंतरावर बदलतो : किनाऱ्यापासून ८० किलोमीटरच्या आत ६.८, त्यापुढे १६० किलोमीटरपर्यंत ८.५, आणि डोंगराजवळच्या मर्यादित क्षेत्रासाठी १०.२. मुंबई इलाख्यात इंग्लिस यांनी १९३० च्या सुमारास सह्याद्रीतल्या खोऱ्यांच्या नोंदी घेऊन वेगळेच सूत्र दिले : १२४ गुणिले क्षेत्र, भागिले (क्षेत्र अधिक १०.४) चे वर्गमूळ. हे क्लॉड इंग्लिस म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे तेच.

आता वही उघडा आणि १०० चौरस किलोमीटरचे एक पाणलोट क्षेत्र घ्या. रायव्ह्ज यांच्या ६.८ ने सुमारे १४६ घनमीटर प्रति सेकंद येतात. उत्तरेच्या मैदानासाठी डिकन्सचा गुणांक ६ घेतला तर १९०. तोच गुणांक किनारी ओडिशा आणि आंध्रसाठी २८ पर्यंत नेला तर ८८५. इंग्लिस यांच्या सूत्राने जवळपास ११८०. क्षेत्र तेच, पण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या उत्तरात आठ पट फरक. हा फरक चुकीचा नाही. महाडच्या वरचा डोंगर आणि गंगेचे मैदान एकसारखे वागणारच नाहीत. पण त्या एका गुणांकात पाऊस, उतार, माती, जंगल, दरीचा आकार सगळे कोंबलेले आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट पाहा. या तिन्ही सूत्रांत काळ कुठेच नाही. हा पूर किती वर्षांत एकदा येईल, हे सूत्र सांगत नाही. तो १९०० साली येईल की २०५०, याने सूत्राला फरक पडत नाही. सूत्र गृहीत धरते की नदीचा एक 'महत्तम पूर' असतो आणि तो कायमचा असतो. या गृहीतकाला पुढे दोनदा धक्का बसला, आणि त्यातला दुसरा धक्का म्हणजेच आज जाहिरातीत दिसणारे ते पद.

१९५६ : दोन पूल

२ सप्टेंबर १९५६ रोजी महबूबनगरजवळ पुरात एक रेल्वे पूल कोसळला आणि गाडी त्यात गेली. २३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे तमिळनाडूत अरियलूरजवळ मरुदैयार नदीला पूर आलेला असताना तुतिकोरिनकडे जाणारी एक्सप्रेस अशीच कोसळली. दोन्ही अपघातांत शंभराहून अधिक माणसे गेली. लालबहादूर शास्त्री तेव्हा रेल्वेमंत्री होते. पहिल्या अपघातानंतर त्यांनी देऊ केलेला राजीनामा पंतप्रधान नेहरूंनी स्वीकारला नव्हता, दुसऱ्यानंतर स्वीकारला. ही राजीनाम्याची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. अभियंत्यांच्या बाजूने पुढे काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१९५७ मध्ये केंद्र सरकारने अभियंत्यांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. अ. ना. खोसला. बंधाऱ्याखालच्या झिरपणीचा सिद्धांत शिकताना ज्यांचे नाव तुम्ही घोकता, तेच हे खोसला. त्या काळात ते रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. समितीने सांगितले ते थोडक्यात असे : जिथे पुरेशा वर्षांच्या नोंदी आहेत तिथे संभाव्यता काढून ५० वर्षांच्या पुरासाठी पूल बांधा. जिथे नोंदी नाहीत, तिथे त्या भागातला पाऊस आणि जमिनीची वैशिष्ट्ये मोजून त्यावरून पूर काढा. म्हणजे एका सर्वसाधारण गुणांकावर विसंबू नका.

याचा परिणाम हळूहळू, पण खोलवर झाला. देशाचे ७ विभाग आणि २६ जल-हवामान उपविभाग करण्यात आले. केंद्रीय जल आयोग, रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ, भारतीय हवामान विभाग आणि भूपृष्ठ वाहतूक मंत्रालय अशा चार खात्यांनी मिळून एकेका उपविभागाचे पूर-अंदाज अहवाल काढले. निवडक रेल्वे पुलांवर माणसे बसवून पावसाळाभर पाण्याची पातळी, विसर्ग आणि पाऊस नोंदवला गेला. कोकण आणि मलबार किनाऱ्याचा अहवाल एकत्र आहे, वरच्या गोदावरीचा वेगळा. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या अभियांत्रिकी इतिहासातले हे सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत उपयोगी कामांपैकी एक. चार खात्यांनी एका वहीत लिहिणे म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारा.

हे काम शक्य झाले ते दोन साधनांमुळे. पहिले साधन म्हणजे अमेरिकेतल्या शेरमन यांनी १९३२ मध्ये मांडलेला युनिट हायड्रोग्राफ. एका सेंटीमीटर परिणामी पावसाचे पाणी तासातासाने कसे चढते आणि उतरते याची ती आकृती. पुराला तासांचा आकार आला. दुसरे साधन एमिल गुम्बेल यांचे. हे जर्मन गणितज्ञ. युद्धविरोधी आणि नाझीविरोधी भूमिकेमुळे १९३२ मध्ये त्यांना हायडेलबर्ग विद्यापीठातून जावे लागले. आधी फ्रान्स, मग १९४० मध्ये अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. १९४१ मध्ये त्यांनी पुराच्या पुनरावृत्ती काळावर निबंध लिहिला. वर्षातला सर्वांत मोठा पूर दरवर्षी लिहून ठेवला, तर अशा टोकाच्या आकड्यांची स्वतःची एक वाटणी असते, आणि तिच्यावरून '१०० वर्षांचा पूर' काढता येतो.

इथे विद्यार्थी दरवर्षी अडखळतात म्हणून थांबतो. १०० वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी एकदा येणारा पूर नव्हे. तो कोणत्याही एका वर्षी ओलांडला जाण्याची शक्यता १ टक्का असते. मग पुलाच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तो निदान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता किती? ०.९९ चा ५० वा घात एकातून वजा करा : ३९.५ टक्के. आणि ५० वर्षांचा पूर ५० वर्षांत? ६३.६ टक्के. म्हणजे खोसला समितीच्या शिफारशीने बांधलेल्या पुलावर त्याच्या हयातीत ठरवल्यापेक्षा मोठा पूर येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तर मोकळी उंची, खोल पाया आणि पायथ्याची धूप गृहीत धरणारा सुरक्षा गुणक अशी आणखी कुंपणे ठेवावी लागतात. लेसी यांच्या सूत्राने जी धुपीची खोली येते, तिची खांबासाठी दुप्पट घेतो ती याचसाठी.

पहिला धक्का हा असा होता. पुराला काळ मिळाला. पण तो पत्त्यांच्या कॅटासारखा काळ होता : दरवर्षी त्याच कॅटातून एक पान ओढायचे. कॅट बदलत नाही, हे गृहीत तसेच राहिले. संख्याशास्त्रज्ञ याला स्टेशनॅरिटी म्हणतात. आपण स्थायित्व म्हणू.

कॅट बदलतो आहे

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच वेळात सुमारे ७३. दोन केंद्रांमधले अंतर लोकलने तासाभराचेही नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात असलेल्या वेलिगोंड्याजवळ, डेल्टा फास्ट पॅसेंजर घसरली. मुसळधार पावसात वरच्या बाजूचे एक तळे फुटले, त्याच्या लोंढ्याने छोट्या पुलाजवळचा रेल्वेचा भराव वाहून गेला आणि गाडी त्या खिंडारात गेली. शंभराहून अधिक प्रवासी मरण पावले. डिकन्स घ्या, शेरमन घ्या, गुम्बेल घ्या, कुणाच्याही हिशेबात फुटणारे तळे नव्हते. पुलाचे गणित पुलापाशी सुरू होत नाही, वरच्या तळ्याच्या बांधापासून सुरू होते.

२००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा एक निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. १९५१ ते २००० या काळातल्या मध्य भारताच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मान्सूनच्या सरासरी पावसात ठळक बदल दिसत नव्हता. पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. शेतीच्या किंवा धरणाच्या माणसाला सरासरीत रस असतो. पुलाला सरासरीशी देणेघेणे नाही, तो टोकाच्या एका दिवसाला सामोरा जातो. म्हणजे जी संख्या आपण सूत्रात घालतो तीच सरकत होती, आणि सरासरी पाहणाऱ्याला ते दिसणार नव्हते. २०१७ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमच्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदींवरून दाखवले की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. भौतिकी कारण तुम्हाला बारावीपासून ठाऊक आहे : तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते.

२००८ मध्ये मिली आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्येच छापलेल्या एका छोट्या लेखाच्या शीर्षकातच स्थायित्व मेले असल्याचे म्हटले. जलतज्ज्ञांत त्यावर बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे असे की स्थायित्व सोडले तर हातात काय उरते, तीस वर्षांच्या नोंदींवर आणखी एक चढती रेघ मारणार आणि तिला भविष्य म्हणणार? हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. पण आकड्यांत किती फरक पडतो तेही पाहा. समजा एखाद्या ठिकाणचा १ टक्क्याचा पूर बदलत्या हवामानात २ टक्क्यांचा झाला. कागदावर फक्त एका टक्क्याची वाढ. पण ५० वर्षांच्या हयातीत तो ओलांडला जाण्याची शक्यता ३९.५ वरून ६३.६ टक्क्यांवर गेली. पुलाचे एक दगडही न हलता पूल कमकुवत झाला.

मग २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आली. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ साली बांधलेला कमानीचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बसगाड्या आणि आणखी काही वाहने अंधारात नदीत गेली. अमेरिकेत १९८७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहेरी क्रीकवरचा पूल असाच पुरात खचला होता, त्यावरूनही गाड्या खिंडारात गेल्या आणि दहा माणसे मेली. तिथे कारण होते खांबांच्या पायथ्याची धूप. त्यानंतर अमेरिकेत नदीवरच्या पुलांची धुपीच्या दृष्टीने देशभर तपासणी सुरू झाली. धूप पाण्याखाली होते आणि पूर ओसरला की खड्डा गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाला सगळे ठीक दिसते.

तो संशोधक नेमके काय करतो?

आता त्या पदाकडे या. त्या माणसाला विचारलेला प्रश्न एका पुलाचा नसतो. प्रश्न असतो : या देशातल्या सगळ्या रस्त्यांवर आणि रुळांवर, आज आणि २०५० मध्ये, कुठे किती नुकसान होऊ शकते, आणि मर्यादित पैसे आधी कुठे घालावेत? ऑक्सफर्डमधल्या कोक्स, हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हा हिशेब साऱ्या जगाचा केला. ओपनस्ट्रीटमॅपमधले रस्ते आणि रूळ घेतले, त्यांवर पूर, वादळ, भूकंप यांचे नकाशे ठेवले. निष्कर्ष असा की जगातली सुमारे २७ टक्के रस्ते-रेल्वे मालमत्ता निदान एका धोक्याच्या टप्प्यात येते, सुमारे ७.५ टक्के १०० वर्षांच्या पुराच्या टप्प्यात, आणि अपेक्षित वार्षिक नुकसानीतला ७३ टक्के वाटा पुराचा.

पद्धत तीन थरांची असते. धोका किती, त्याच्या वाटेत काय काय आहे, आणि जे आहे ते किती सोसेल. तिसऱ्या थराला भंगुरता-वक्र म्हणतात. पाणी इतके चढले तर पूल निकामी होण्याची शक्यता किती, याची ती आकृती. ही कल्पना मुळात अणुभट्ट्यांच्या भूकंप-सुरक्षेच्या अभ्यासात रुळली आणि मग पुलांकडे आली.

खरी मारामारी पहिल्या थरात होते. जागतिक हवामान मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटर लांबीची असते. प्रादेशिक मॉडेल ती बारीक करते. ब्रिटनच्या हवामान खात्याने २०१९ मध्ये २.२ किलोमीटर चौकटीची राष्ट्रीय भाकिते दिली, कारण उन्हाळी गडगडाटी पावसाचा ढग तेवढ्या बारकाईशिवाय मॉडेलमध्ये नीट उभाच राहत नाही. आपल्या हवामान विभागाची १९०१ पासूनची चौकटबद्ध पर्जन्य-नोंद पाव अंशाची आहे, म्हणजे एक बाजू सुमारे २७ किलोमीटर. जवळपास सात हजार पर्जन्यमापकांतून ती विणली आहे आणि संशोधकांसाठी मोठे धन आहे. पण आता सांताक्रूझ आणि कुलाबा आठवा. ९४४ आणि ७३ यांच्यातले अंतर जेमतेम एका चौकटीएवढे. असे दोन आकडे एका चौकटीत मिसळले की जे येते, ते ना सांताक्रूझचे असते ना कुलाब्याचे. आणि मोरीचे पाणलोट क्षेत्र तर दोन-चार चौरस किलोमीटरच असते. म्हणून चौकटीतला पाऊस जागेवर आणण्याचे, मॉडेलचा कल जुन्या नोंदींशी जुळवून दुरुस्त करण्याचे काम या संशोधकाचा अर्धा वेळ खाते. जुळवायला जुन्या नोंदी हव्यातच. खोसला समितीनंतर पुलांवर बसून पाण्याची पातळी लिहिणाऱ्या त्या माणसांच्या वह्या इथे कामी येतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात अडचण वेगळी असते. नकाशावर पूल एक ठिपका असतो. त्याचा पाया किती खोल आहे, खांब दगडी आहे की काँक्रीटचा, मागच्या पुरात भरावाला किती तडे गेले, हे उपग्रहाला दिसत नाही. ते शाखा अभियंत्याच्या पाहणी-नोंदवहीत असते, किंवा कुठेच नसते. पायाची खोली माहीत नसेल तर भंगुरता-वक्र 'अशा प्रकारच्या पुलांचा सर्वसाधारण' म्हणून लावला जातो. जरा विचार करा, हा पुन्हा एक 'सी'च झाला की नाही? फक्त आता तो संगणकाच्या आत आहे आणि त्याची किंमत काय घेतली, हे विचारणारा विद्यार्थी समोर नाही.

म्हणूनच मी सुरुवातीला यादी खालून वर वाचा म्हणालो. पायथन सहा महिन्यांत येते. पावसाळ्यात भरावाच्या पायथ्याशी पाणी कुठून झिरपते हे ओळखायला जास्त वेळ लागतो.

कोकण आणि कारमाँट

मॉडेलमधून निघालेली शक्यता शेवटी कुणाच्या तरी हातात आदेश म्हणून पडावी लागते. इथे दोन रेल्वेमार्ग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. जांभा दगडाच्या खोल कटिंगमधून, बोगद्यांमधून जाणारा हा मार्ग, आणि वर कोकणातला पाऊस. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळावर आली, सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली. त्यानंतर उतार छाटणे, जाळ्या बसवणे, पर्जन्यमापक लावणे, पावसाळ्यात गस्त वाढवणे ही कामे झाली. आणि दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लागू होते. गाड्या हळू चालतात, प्रवास लांबतो, मुंबईकर चाकरमानी कुरकुरतात. मॉडेलच्या भाषेत सांगायचे तर इथे धोका कमी झालेला नाही, धोका असताना त्याच्या वाटेत गाडी कोणत्या वेगाने जाईल हे बदलले आहे.

१२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ कारमाँट इथे सकाळी तीन तासांत ५१.५ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे जुलैत अनेकदा यापेक्षा जास्त पडतो. तिथे मात्र तो ऑगस्ट महिन्याच्या सरासरीच्या तीन चतुर्थांशाच्या जवळ होता. उतारावरच्या निचरा-चरातली खडी वाहून रुळावर आली. गाडी ताशी ११७ किलोमीटर वेगाने त्यावर गेली आणि तीन माणसे मरण पावली. मार्गावर वेग कमी करण्याचा आदेश नव्हता. चौकशीत आढळले की तो निचरा-चर काही वर्षांपूर्वी बांधताना आराखड्याप्रमाणे बांधलाच नव्हता, आणि जवळच घातलेल्या एका मातीच्या बांधामुळे पाणी नको त्या दिशेने वळले होते.

यानंतर ब्रिटिश रेल्वेने दोन तज्ज्ञगट नेमले. एक लॉर्ड रॉबर्ट मेअर यांच्याकडे, भराव आणि उतारांसाठी. दुसरा हवामानतज्ज्ञ ज्युलिया स्लिंगो यांच्याकडे, हवामान माहितीच्या वापरासाठी. माती जाणणारा गट वेगळा, आकाश जाणणारा वेगळा. जाहिरातीतले ते पद या दोघांच्या मधल्या जागेत बसते. त्या पदावर गेलेल्या तुमच्यापैकी कुणाला २.२ किलोमीटरच्या चौकटीत त्या सकाळचा पाऊस अगदी बरोबर मांडता येईल, भरावाचा भंगुरता-वक्रही लावता येईल. पण त्याच्याकडे आलेल्या मालमत्ता-यादीत तो चर आराखड्यातल्यासारखाच लिहिलेला असेल, तर त्याच्या मॉडेलमध्ये पाणी आराखड्याप्रमाणे वाहून जाईल, आणि तो बांध तिथे नसेल.